एकतीसदा तपासलेला पेरू

माझा धंदाच खोटं पकडण्याचा आहे. केप टाउनमध्ये कुणाची गाडी आपटली की तो विमा कंपनीकडे पैसे मागतो, आणि पैसे सोडायच्या आधी कंपनी मला पाठवते. 'उभ्या गाडीला मागून कुणीतरी ठोकलं' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसासमोर मी फक्त वाकतो, बंपरवरून अंगठा फिरवतो आणि 'हं' म्हणतो. पुष्कळदा त्या 'हं'वरच माणूस कबूल होतो की गाडी मेहुण्याने झाडावर घातली होती. हे सगळं मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकल्यावर लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात आणि विषय बदलतात.

त्या मंगळवारी न्याहारीला बसलो असताना सासूबाईंनी आपला व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट, तोंडातून काढला, दोनदा खोकल्या आणि तो माझ्या अंड्याच्या बशीशेजारी ठेवला.

"रिदवान," त्या म्हणाल्या, "हे पेरूसारखं लागत नाही. जळक्या वायरसारखं लागतं."

सासूबाईंचं नाव गालीमा, पण वॉल्मर इस्टेटच्या आमच्या चढावर त्यांना सगळे 'मा गालीमा' म्हणतात. त्या आमच्याच घरात, खालच्या खोलीत राहतात. सिगारेट त्यांच्या बोटांत मी लग्न ठरवायला गेलो होतो तेव्हाही होती. माझे पगाराचे आकडे त्यांनी धुरातूनच ऐकले. हजच्या यादीत नाव लागायला आमच्याकडे वर्षानुवर्षं थांबावं लागतं. त्यांनी नाव घातलं तेव्हा माझे केस काळे होते. यंदा ते नाव लागलं, सगळ्या गल्लीला मिठाई वाटून झाली, आणि मग डॉक्टर पार्करांनी त्यांची छाती तपासली.

"मा, तिथे उन्हात मैलोन्‌मैल चालायचंय," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला तुमच्या दारापासून मशिदीपर्यंत जाताना तीनदा भिंत धरावी लागते. सिगारेट बंद. ईद झाल्यावर महिन्याभराने या आणि या नळीत फुंका. काटा वर चढला तर हजला जायच्या दाखल्यावर मी सही करतो. नाही चढला तर तुम्ही कितीही रागावलात तरी करणार नाही."

व्हेपबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. त्याने काही फुप्फुसांचं भलं होत नाही, पण सिगारेट सुटणार असेल तर थोडे दिवस चालवून घेऊ, मात्र वस्तू अस्सल हवी; बनावटीत काय भरलेलं असतं ते भरणाऱ्यालाही ठाऊक नसतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मीच पुढे झालो आणि म्हणालो, "अस्सलचं माझ्यावर सोडा."

आता, ही वस्तू मी कुठून घेतली हे सांगायलाच हवं. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या फाटकाबाहेर फाईक आपल्या गाडीची डिकी उघडतो. तिच्यात मोजे असतात, खजूर असतो, अत्तर असतं, फोनची कव्हरं असतात आणि अलीकडे व्हेपही असतात. मॉलमधल्यापेक्षा निम्म्या भावात. नुकताच नमाज पढून आलेला माणूस नुकताच नमाज पढून आलेल्या माणसाला फसवेल, असा विचार माझ्या मनात आला नाही. एरवी कुणाच्याही बंपरबद्दल येतो. खोका देखणा होता, वर 'काल्व्हो' हे नाव उठावाच्या अक्षरांत, खाली पेरूचं चित्र. सासूबाईंना ती फुंकणी आवडली आणि सिगारेट खरोखरच सुटली. घरातल्या पडद्यांचा मूळ रंग आम्हाला त्याच महिन्यात कळला.

आणि आता ही जळकी वायर.

"ही खरी आहे की खोटी ते मला नीट शोधून सांग," सासूबाई म्हणाल्या. "आणि लवकर सांग. नाहीतर मी शमीलच्या दुकानात जाऊन पाकीट आणते. सिगारेट मेली वाईट असते, पण निदान ती कोण आहे ते तरी माहीत असतं."

"रिदवान, तू यात पडू नकोस," माझी बायको शिहाम म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते आणि घरात सगळं एका ओळीत सोडवू बघते. "नवीन आण आणि ही फेकून दे."

"शिहाम, माझा धंदा काय आहे?"

"बंपर," ती म्हणाली आणि शाळेत निघून गेली.

मी त्या दिवशी ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं आणि कामाला बसलो. खोक्याच्या कडा भिंगाखाली पाहिल्या. छपाई स्वच्छ होती. सील सासूबाईंनी दातांनी फोडलेलं असल्यामुळे त्याबद्दल मत देता येईना. पण खोक्याच्या तळाशी एक चंदेरी पट्टी होती, नाण्याने खरवडायची. तिच्याखाली एक क्रमांक, आणि तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की वस्तूची जात कळणार. पट्टी कोरी होती. म्हणजे आजवर कुणी तपासलंच नव्हतं. मी नाणं काढलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि खरवडलं. क्रमांक टाकताच पडदा हिरवा झाला. 'अभिनंदन. आपले उत्पादन अस्सल आहे.'

इथेच मी फोन खिशात ठेवला असता तर ही गोष्ट अर्ध्या पानात संपली असती. पण माणसाला सकाळी सकाळी बायकोने 'बंपर' म्हटलेलं असतं. आमच्या रस्त्याचा एक पहाऱ्याचा ग्रुप आहे, चोरबीर दिसला तर कळवायला काढलेला. चोर आमच्याकडे फारसे येत नाहीत, चढ आहे म्हणून. त्यामुळे ग्रुपवर हरवलेली मांजरं, झालेली बाळंतपणं आणि बिघडलेल्या गीझरबद्दलचे सल्ले असतात. तिथे मी खोक्याचा फोटो टाकला, क्रमांक स्पष्ट दिसेल असा, आणि खाली लिहिलं: 'मा गालीमांच्या व्हेपबद्दल शंका होती. मी स्वतः तपास केला. अस्सल आहे. काळजी नसावी.'

आता आमच्या लोकांबद्दल एक सांगतो. आम्ही केपचे मुसलमान ईदच्या चंद्राच्या बाबतीत कॅलेंडरचंसुद्धा ऐकत नाही. जगातल्या सगळ्या दुर्बिणींनी सांगितलं तरी नाही. आम्ही थर्मास भरतो, चटया घेतो, समुद्रकाठी जातो आणि चंद्र आपापल्या डोळ्यांनी बघतो. शेजारच्या चटईवरचा माणूस 'दिसला, दिसला' म्हणून ओरडला तरी आम्ही म्हणतो, 'कुठे? मला दाखव.' अशा लोकांना मी कळवलं होतं की मी तपास केला आहे.

दुपारी मी पार्किंगमधल्या एका चेपलेल्या टोयोटाखाली आडवा झालो होतो, तेव्हा फोन वाजायला लागला. पहिला निरोप समोरच्या आँटी कुल्सुमचा.

'रिदवान, माझ्या फोनवर येतंय, हा क्रमांक पूर्वी चार वेळा तपासला गेला आहे. हे चांगलं की वाईट?'

मग वरच्या घरातले बूता इग्शान. बूता म्हणजे दादा. ते मसाल्याच्या दुकानातून निवृत्त झालेत आणि सगळ्या बाबतीत आधीपासून काहीतरी म्हणत असतात. 'माझ्याकडे अकरा वेळा आलं. खोटी आहे. मी आधीच म्हणत होतो.' त्यांनी आधी काहीही म्हटलेलं नव्हतं. मग कुल्सुमच्या पर्थमधल्या मुलाने तिथून तपासला, कारण ऑस्ट्रेलियातलं इंटरनेट जास्त खरं बोलतं असं कुल्सुमचं मत. इमामांच्या बायकोनेही तपासला. मी टोयोटाखालून बाहेर येऊन पुन्हा क्रमांक टाकला, तर पडदा लालभडक. 'सावधान. हा क्रमांक यापूर्वी एकतीस वेळा तपासला गेला आहे. आपल्या हाती बनावट माल आलेला असू शकतो.'

कंपनीचं गणित सरळ होतं. एक क्रमांक, एक गिऱ्हाईक, एक तपासणी. दुसऱ्यांदा कुणी विचारलं म्हणजे कुणीतरी खोका नक्कल केला. सगळी गल्ली एकाच फुंकणीसाठी दाराशी येईल, हे त्यांच्या कल्पनेत कुठून असणार? सकाळी अस्सल असलेली वस्तू दुपारपर्यंत आमच्या शेजारधर्माने बनावट झाली होती.

संध्याकाळी सासूबाईंनी तो लाल पडदा पाहिला. त्यासुद्धा ग्रुपवर आहेत, हे मी विसरलो होतो.

"सकाळी हिरवं म्हणालास, आता लाल झालं," त्या म्हणाल्या. "बाबा रे, तू वस्तू तपासतोस की पिकवतोस?"

जुम्म्याला मी फाईकला गाठलं. तो एका गिऱ्हाइकाला मोजे ताणून दाखवत होता.

"बूता रिदवान, खोटं बोलणार नाही," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "खरी का खोटी ते मलाच माहीत नाही. मी ज्याच्याकडून घेतो त्याने कुराणावर हात ठेवला होता. आता तो कुराणावर हात ठेवतो म्हटल्यावर मी काय त्याचा खोका उघडून बघू?"

"मग परत घे."

"घेतली असती हो. पण एकतीस वेळा तपासलेली फुंकणी मी कुणाला विकू? मलाही ग्रुपवरून आला होता तो क्रमांक. त्या एकतिसांत एक मीच होतो." आणि त्याने मला मोज्यांचा एक जोड फुकट दिला. मी तो घेतला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एक शेजारी म्हणाला, बनावटीचं तोंड जरा धारदार असतं, ओठाने कळतं. माझ्या ओठाला काही कळलं नाही आणि ती सासूबाईंची आहे हे मात्र उशिरा आठवलं. दुसऱ्याने सांगितलं, ओढताना दिवा निळसर लागला तर खरी. आमचा दिवा हिरवा होता, पण बूता इग्शान त्याला निळाच म्हणत राहिले. शेवटी त्यांनीच तोड काढली.

"वजन," ते म्हणाले. "मी जन्मभर केशर तोललंय. बनावट करणारा बॅटरीत हात मारतो. खात्रीची अस्सल आणून शेजारी ठेव, काटा सांगेल."

खात्रीची अस्सल आणायची तर मॉलमध्ये जायला हवं. गेलो. ज्या किमतीत फाईककडे दोन आल्या असत्या त्या किमतीत एक घेतली, तीच, पेरूची. दुकानातल्या पोरीने पावती दिली आणि वर म्हणाली, "काका, लागतं का असलं?" मी म्हणालो, "सासूबाईंसाठी." तिने माझ्याकडे फार कीव करून पाहिलं.

रविवारी सकाळी बूता इग्शान आपला केशराचा काटा फडक्यात गुंडाळून घेऊन आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पांढरा कागद अंथरला. डावीकडे फाईकची, उजवीकडे मॉलची. दोन्ही खोक्यांतून बाहेर काढल्या, कारण बूतांच्या मते खोक्याचं वजन म्हणजे वराबरोबर घोडा तोलण्यासारखं. त्यांनी एक ठेवली, मग दुसरी ठेवली आणि डोळे बारीक केले.

"फरक आहे," ते हळूच म्हणाले. "एका वेलदोड्याइतका."

"जड कोणती?"

"थांब, चष्मा आणतो."

ते चष्मा आणायला चढ चढून गेले. मी त्यांना दरवाजापर्यंत सोडायला गेलो, आणि त्यांना दरवाजापर्यंत सोडताना इतर विषय निघाले. रविवारची सकाळ म्हणजे आमच्याकडे कुसिस्टरची सकाळ: पाकात घोळवलेले, वर खोबरं भुरभुरवलेले, बडीशेप-दालचिनीचा वास सुटलेले ते गरम गोळे घरोघरी वाटले जातात. मागच्या दाराने आँटी कुल्सुम परात घेऊन आत आल्या होत्या. टेबलावर पसारा बघून त्यांच्याने राहवेना. मी परत आलो तेव्हा टेबल लख्ख होतं, कागदाची घडी झाली होती, परात मध्यभागी होती आणि दोन्ही फुंकण्या चमच्यांच्या बरणीत एकमेकींना टेकून उभ्या होत्या.

"पुसूनसुद्धा ठेवल्यात," कुल्सुम म्हणाल्या. "चिकट झाल्या होत्या हो."

मी खुर्चीवर बसलो. बूता चष्मा लावून आले, त्यांनी दोन्ही पुन्हा तोलल्या आणि जाहीर केलं की वेलदोडा आता दिसत नाही. बहुतेक तो फाईकच्या फुंकणीवरचा चिकटपणाच होता. माझ्याकडे दोन खोके होते, त्यातला एक तरी नक्की अस्सल, आणि दोन फुंकण्या होत्या, ज्यांतली कुठली कुठल्या खोक्यातली हे अल्लालाच ठाऊक. मॉलच्या खोक्याची पट्टी मी न्हाणीघराची कडी लावून, एकट्याने खरवडली. पडदा हिरवा झाला. म्हणजे खोका अस्सल होता. खोक्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

"मा, तुम्हीच चाखून सांगा," मी शेवटचा उपाय केला.

सासूबाईंनी एक ओढली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. "ही पेरू," त्या म्हणाल्या. "आणि ही रुसलेला पेरू."

"रुसलेली कोणती?" मी घाईने दोन्ही त्यांच्या हातातून घेतल्या.

"तूच मधे हात घातलास आणि फिरवल्यास ना? आता मला दोन्ही रुसलेल्याच लागतात. आणि मगाशी मी लोणचं खाल्लंय."

डॉक्टरांकडे जायची तारीख जवळ येत होती. आता मला खरोखर भीती वाटायला लागली. त्या बाईने इतकी वर्षं वाट पाहिली होती. खोलीत पलंगाखाली बॅग भरून तयार होती. पांढरे कपडे रोज काढून पुन्हा घडी होत होते. आणि मी, खोटं पकडणारा माणूस, तिच्या छातीत नक्की काय जातंय ते सांगू शकत नव्हतो. विषच जात असलं तर? या विचाराने मी शिहामला न सांगता अर्धा दिवस रजा टाकली आणि दोन्ही फुंकण्या खिशात घालून सरकारी कचेरी गाठली.

पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "तंबाखू आहे का यात?"

"नाही. पेरू आहे."

"मग तंबाखूवाली खिडकी नाही. फळफळावळ तिसऱ्या मजल्यावर."

तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी फुंकणी उलटीसुलटी केली. "हे खातात?"

"ओढतात."

"मग अन्न नाही. बॅटरी आहे का? आहे. मग विजेची उपकरणं. खाली, पण आता त्यांची चहाची वेळ झाली."

विजेच्या उपकरणांनी मला विचारलं, याचा शॉक बसला का? बसला नसेल तर तक्रार कशाची? मी म्हणालो, सासूबाईंना जळक्या वायरची चव लागते. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि सांगितलं की चव त्यांच्याकडे येत नाही. शेवटी एका सज्जन अधिकाऱ्याला माझी दया आली. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मध्ये बंपरचा विषय निघाला तोही ऐकला, आणि म्हणाला, "बनावट मालाची तपासणी आम्ही करतो. नमुना द्या."

मी आनंदाने दोन्ही त्याच्या पुढ्यात ठेवल्या. त्याने त्या एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकल्या, पिशवीला लाखेचं सील केलं आणि ड्रॉवर बंद केला.

"दोन्ही?" मी ड्रॉवरकडे बोट दाखवलं.

"एकीची तुलना कशाशी करणार? अहवाल पोस्टाने येईल."

"पण साहेब, एक माझ्या सासूबाईंना रोज लागते."

"मग त्यांना सांगा," तो म्हणाला, "सरकार लक्ष घालतंय."

हे मी घरी जाऊन अगदी याच शब्दांत सांगितलं. नंतरच्या दोन-चार मिनिटांबद्दल लिहीत नाही. सासूबाईंनी मला गाढव म्हटलं, मग थोडा विचार करून पुन्हा म्हटलं, आणि खालच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. फुंकणी नाही, सिगारेट नाही, आणि सही व्हायला थोडेच दिवस. शिहामने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात फोन वाजला.

"रिदवान, मला आत्ता ओढावीशी वाटतेय," सासूबाई म्हणाल्या.

"मा, नको, जरा दम धरा..."

"गप्प बस. ओढायला काही नाही म्हणून तुला फोन केलाय. मला सांग, पिशवीत दोन्ही टाकताना तुझे हात कुठे होते? खिशात? तुझ्या लग्नात सुटाच्या खिशात हात घालून उभा होतास, तेव्हाच मी शिहामच्या बापाला म्हटलं होतं..." आणि तिथून त्या सुरू झाल्या. लग्न झालं, पहिली गाडी झाली, मी लावलेलं आणि पडलेलं छताचं पन्हाळं झालं. मग एकदम थांबल्या. "हं. गेली," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला काही कळलं नाही. दुपारी पुन्हा फोन. चहाच्या वेळी पुन्हा. ओढायची हुक्की आली की फोन, आणि मी. एकदा मी आपटलेल्या गाडीच्या मालकासमोर उभा होतो. त्याने माझ्या फोनमधून येणारं सगळं ऐकलं आणि आपण होऊन कबूल केलं की झाडावर त्यानेच घातली होती. ऑफिसातले सहकारी चहा घेऊन माझ्या टेबलापाशी जमू लागले. "आज पन्हाळं येणार का?" असं विचारू लागले. माझी इज्जत कुठे आणि किती राहिली, ते मी विचारलं नाही.

तरी माझा जीव वर-खाली होतच होता. मी कोपऱ्यावरच्या शमीलच्या दुकानात जाऊन त्याला हळूच सांगितलं, "मा गालीमा आल्या तर सुटी सिगारेटसुद्धा देऊ नकोस."

"आल्या होत्या की काल," शमील म्हणाला. "काउंटरवर हात ठेवला आणि म्हणाल्या, 'शमील, दे एक.' मी म्हटलं, 'मा, काय झालं?' तर तुमच्याबद्दल सांगायला लागल्या. त्या कचेरीचं. मग फळफळावळीच्या खिडकीचं. गिऱ्हाइकं थांबली ऐकत. दुकान भरलं हो बूता. सगळं सांगून झालं, सगळे हसले, आणि त्या ब्रेड घेऊन घरी गेल्या. सिगारेटचं त्यांनाही आठवलं नाही, मलाही नाही."

डॉक्टर पार्करांकडे आम्ही तिघं गेलो. सासूबाईंनी नळी हातात घेतली, माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि फुंकली. काटा चढला. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा फुंकायला लावलं, आणि तो पुन्हा चढला.

"मा, हे कसं जमवलंत?" ते खुश होऊन म्हणाले. "कोणतं औषध? तो व्हेपच ना?"

"तो सरकारकडे आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी जावई वापरला."

डॉक्टरांनी सही केली. बाहेर आल्यावर शिहाम पायरीवर बसून रडली आणि मग माझ्या खांद्यावर एक गुद्दा मारला. त्यातला प्रेमाचा भाग किती आणि उरलेला किती, हे मी तपासायला गेलो नाही.

अहवाल त्यानंतर आला. सरकारी शिक्क्यासह लिहिलं होतं की दोन नमुन्यांपैकी एक अस्सल व एक बनावट असून, दोन्ही एकाच पिशवीत आल्यामुळे कोणता कोणता हे सांगता येत नाही. शिवाय एका नमुन्यातला द्रव केव्हाच संपलेला असून तो तसाच ओढत राहिल्याने आतला कापूस जळला आहे. मी तो कागद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी 'संपलेला' या शब्दापाशी घसा खाकरला आणि मला चहा टाकायला सांगितलं. मीही पुढे काही वाचलं नाही.

हजला निघणारा माणूस आमच्याकडे घरोघर जाऊन निरोप घेतो आणि माफी मागतो, वर्षानुवर्षांचं सगळं चुकलंमाकलं धुऊन निघावं म्हणून. सासूबाईंनी निघायच्या आठवड्यात सगळा चढ पालथा घातला. मी टोपलीभर खजूर घेऊन त्यांच्या मागे, आणि दमत होतो मी. बूता इग्शानांच्या दारात त्या भिंतीला हात न लावता पोचल्या. बूता म्हणाले, मी आधीच म्हणत होतो. कुल्सुमच्या घरी दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. शमीलकडे गेल्या, फाईकच्या डिकीपाशीसुद्धा गेल्या. फाईक इतका गोंधळला की त्याने मोज्यांचे सगळे जोड त्यांच्या पिशवीत ओतले.

शेवटच्या सकाळी आमच्या घराची पुढची बेल वाजली. मी दार उघडलं तर सासूबाई. खालच्या खोलीतून घरातल्या घरात वर येता आलं असतं, पण त्या मुद्दाम रस्त्यावरून फिरून, नवा डोक्याचा रुमाल बांधून, पुढच्या दाराने आल्या होत्या.

"रिदवान," त्या म्हणाल्या, "तुझ्या दारी आलेय. गाढव म्हटलं त्याची माफी दे. दुसऱ्यांदा म्हटलं त्याचीही दे. फोनवर जे जे बोलले त्याचीही दे. पन्हाळ्याचं सोडून. पन्हाळं तू खरंच वाकडं लावलं होतंस."

इतक्या वर्षांत त्यांनी माझी माफी मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी वाकलो, त्यांचा हात घेतला, आणि मला फार रडू आलं; उगाच लपवत नाही. "मा, मलाही माफ करा," एवढंच म्हणता आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शिहामला म्हणाल्या, "याला नाश्ता दे, रिकाम्या पोटी रडतोय."

विमान गेलं. सोमवारी ऑफिसात बसलो तर टेबल शांत. चहाच्या वेळी सहकारी कप घेऊन आले, फोनकडे बघत उभे राहिले आणि पांगले. त्या आठवड्यात मी दोन खोटे दावे तसेच पास केले, लक्षच लागत नव्हतं.

आणि मग एका दुपारी, लांबलचक परदेशी क्रमांकावरून फोन आला. मागे माणसांचा समुद्र, आणि त्यावरून त्यांचा आवाज.

"रिदवान! इथे हॉटेलच्या दारात एक म्हातारा सिगारेट ओढतोय. वास थेट नाकात आला माझ्या."

"मग मा?"

"मग काय मग? सगळं माफ करून बसलेय मी, माझ्याकडे आता काही उरलं नाही. लवकर काहीतरी मूर्खासारखं कर, आणि सांग."

मी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणालो, "मा, तुमच्या खोलीला मी स्वतः रंग द्यायला घेतलाय. पलंग न हलवता."

मग त्यांनी मोठा श्वास घेतला, तो मला केप टाउनमध्ये ऐकू आला, आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. पलंगापासून निघून त्या चादरींवर आल्या, चादरींवरून माझ्या वडिलांवर, तिथून लग्नातल्या सुटावर. सहकारी कप घेऊन धावत आले. मी रंगाचा डबा अजून पाहिलाही नव्हता. मी खुर्चीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि शेवटपर्यंत ऐकलं. पुरता अर्धा तास बोलल्या त्या, आणि एकदाही खोकल्या नाहीत.